नाक्यावरचे पट्टे

आमच्या नाक्यावरचे पांढरे पट्टे पुसले गेले तेव्हा महाडात कोणाचं काही अडलं नाही. मिनीडोर रिक्षा चालत होत्या, एमआयडीसीचे टँकर चालत होते, माणसं हात वर करून पलीकडे पळत होती. अडलं फक्त आमच्या ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. आणि ह्यांचं अडलं की माझं अडतं, आणि माझं अडलं की मी गप्प बसत नाही. आमच्या आळीला हे मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून ठाऊक आहे.

हे मूळचे कुडपणचे. पोलादपूरच्या वर डोंगरावरचं पठार, भात-नाचणीची शेती, घरटी एक माणूस मुंबईला. हे मुंबईला गेले नाहीत, टेम्पोवर चढले. भाजी, सिमेंट, कौलं, लग्नाची भांडी, जे मिळेल ते भरून जन्मभर आंबेनळी घाटातून वर महाबळेश्वरला आणि परत खाली. मग डोळ्यांत काचबिंदू शिरला. हा आजार गुपचूप येतो. दुखत नाही, खुपत नाही, नुसता कडेकडेने उजेड खात आत येतो. आम्हाला कळलं तेव्हा कडा गेल्या होत्या, मधलं तेवढं उरलं होतं. डॉक्टरांनी समजावलं की आता नळीतून बघितल्यासारखं दिसणार, आणि आहे तेवढं औषधाच्या थेंबांवर टिकवायचं. बाहेर येऊन हे म्हणाले, "जन्म गेला आंबेनळीत, आता ऱ्हायलेला नळीतनंच बघायचा!" मला हसू आलं, आणि मग दवाखान्याच्या पायरीवर बसून मी रडले. "चल गो, गाडी जाईल," म्हणून ह्यांनीच मला उठवलं.

टेम्पो विकला. पण नाक्याच्या पलीकडचा टेम्पो स्टँड काही सुटला नाही. तिथं एक चहाची टपरी आणि टपरीपुढे बाकडं. ह्यांच्या जिवलग दोस्ताचा ट्रान्सपोर्टचा धंदा तिथूनच चालतो. तो तुडीलचा, भाऊ सगळे गल्फला, हा इथं गाड्या सांभाळतो. मला भाभी म्हणतो, मी त्याला भाई म्हणते. टेम्पो विकल्यावरही हे रोज सकाळी त्या बाकड्यावर जाऊन बसायचे. नवे ड्रायव्हर विचारायचे, काका, आंबेनळीत दरड आलीय का, हा माल कसा बांधू, उतारावर कुठला गिअर. डोळे गेले तरी घाट ह्यांच्या डोक्यात अख्खा होता. दुपारी घरी यायचे ते ताजेतवाने होऊन, माझ्याशी भांडायला तयार.

ते बाकडं म्हणजे ह्यांचा जीव होता, हे मी उगाच म्हणत नाही. माझ्या सासऱ्यांनाही हाच आजार. डोळे गेल्यावर ते कुडपणच्या घरात उंबऱ्याशी बसले ते बसलेच. कोणी हात धरला तर अंगणात, नाही तर तिथंच. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण कमी झालं. धडधाकट माणूस बसून बसून संपला. डॉक्टर वेगळं कारण सांगतील, पण मी डोळ्यांनी बघितलंय. आमचे हे घरी बसले की त्याच वाटेने जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. आणि मुलगा मुंबईहून फोनवर सांगतच होता, "मम्मी, बाबांना एकट्याला सोडू नको, रिस्क आहे. सरळ इकडे शिफ्ट व्हा." त्याची एक खोली, वरचा मजला. तिथं हे काय करणार? भिंतीला आंबेनळी सांगणार?

तेव्हा सगळं येऊन ठेपलं रस्ता ओलांडण्यावर. मी घरी ब्लाउज शिवते, माझं मशीन दारातच, त्यामुळे हे कसे ओलांडतात ते मला बसल्या जागेवरून दिसायचं. फूटपाथच्या कडेला उभे राहायचे, मान खाली घालायची, आणि पायाशी पहिला पांढरा पट्टा आला की हात वर. दोन्ही बाजूंच्या गाड्या ह्यांना दिसत नसत, पण काळ्या डांबरावरचा पांढरा रंग त्या मधल्या नळीत बरोबर यायचा. एक पट्टा, मग काळं, मग दुसरा पट्टा. शिडी चढावी तसे जायचे. पट्टे संपले की समोर फूटपाथचा उतार, उताराला लागून टपरी. नाक्यावरचे गाडीवाले ओळखीचे, कोणी ना कोणी ब्रेक मारायचाच.

मुलाने एक पांढरी काठी पाठवली होती. ती आली तशी कोपऱ्यात उभी. "काठी घेतली की लोक काठीला वाट देतात, माणसाला नाय," हे म्हणायचे. मी हात धरला तर झटकायचे. "मागनं धक्का नको नि बाजूनं हात नको. गाडी अशी चालत नाय. धुक्यात घाटातनं कसा यायचो मी? कडेची पांढरी रेघ दिसली तर रेघ धरायची. रेघ नसली तर पुढच्या गाडीचा लाल दिवा धरायचा. तिथं कोण माझा हात धरायला यायचा?"

ही ड्रायव्हरकी घरातही मुरलेली. आमचं स्वयंपाकघर अरुंद, मी ओट्याशी उभी असले की दुसऱ्या माणसाला जायला जागा नाही. लग्न झाल्यापासून हे मागून येऊन म्हणायचे, "साइड दे गो." मी कधी द्यायची, कधी मुद्दाम द्यायची नाही. मग तोंडाने हॉर्न. डोळे गेले तसं ते बंद पडलं. मागे येऊन नुसते उभे राहायचे, मी सरकेपर्यंत. त्या गप्प उभं राहण्याचा मला जेवढा राग यायचा तेवढा त्या हॉर्नचा कधी आला नव्हता.

मग त्या पावसाळ्यात सावित्री बाजारात शिरली. शिरते ती, आम्हा महाडकरांना सवय आहे. पाणी ओसरलं की आधी चिखल काढायचा, मग भिंतीवर पाणी जिथवर चढलं तिथं रंगाने रेघ मारायची आणि खाली तारीख घालायची. घराघरांत, दुकानादुकानांत अशी रेघ. माझ्या मशीनच्या वर एक आहे, नाक्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या भिंतीवर लालभडक आहे. महाडात कोणी नुसतं "रेघ" म्हटलं की माणूस आधी भिंतीकडे बघतो. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळा घोळ ह्या रेघेनेच घातला.

रस्त्यावरचा चिखल जेसीबीने खरवडला आणि त्याच्याबरोबर आमचे पट्टेही गेले. आधीच टायरखाली झिजलेले, त्यात हे. उरला तो राखाडी डाग. रस्ता मोकळा झाल्यावर पहिल्या सकाळी हे निघाले, कडेला उभे राहिले, मान खाली घातली. बराच वेळ पायाशी शोधत होते. मग वळून घरी आले. "आज जायचा मूड नाय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पाय दुखतोय. तिसऱ्या दिवशी काही म्हणालेच नाहीत, उंबऱ्यापाशी खुर्ची ओढून बसले. उंबऱ्यापाशी! मी मशीन थांबवलं, कोणाचे ब्लाउज होते ते तसेच टाकले आणि कचेरी गाठली.

कोणती कचेरी ते सांगत नाही, सगळ्या सारख्याच. खिडकीवर मी म्हटलं, "रस्त्यावरच्या रेघेचं काम आहे." खिडकीतल्या माणसाने त्यातलं "रेघ" तेवढं ऐकलं आणि जिन्याकडे बोट केलं. वरच्या साहेबांनी मला बसवलं, नकाशा पसरला आणि विचारलं, "घर निळ्या रेषेत येतं की लाल?" ते पूररेषेचं खातं होतं. पुराच्या हद्दीत बांधकाम करायचं तर परवानगी तिथून लागते आणि सगळं महाड तेवढ्यासाठीच तिथं खेटे घालत असतं.

"मला काय बांधायचं नाही," मी म्हटलं. "ओलांडायचंय."

"रेषा ओलांडून? कुठपर्यंत?"

"टपरीपर्यंत!" मी ओरडलेच. आजूबाजूची सगळी टेबलं माझ्याकडे बघायला लागली. साहेबांनी नकाशा हळूच गुंडाळला.

रस्त्यांचे साहेब शेवटी खालच्याच मजल्यावर सापडले. तरुण होते, बोलायला गोड. आधी म्हणाले, हा रस्ता आमच्याकडे नाही. मग फोन केला आणि म्हणाले, आमच्याकडेच आहे. मग मला नीट समजावून सांगितलं. हे पट्टे म्हणजे नुसता रंग नसतो. पावडर भट्टीत वितळवून गरम गरम ओततात. रस्ता ओला असला, वर चिखलाचा थर असला तर ती धरत नाही, पापुद्रा निघावा तशी निघते. पाऊस जाऊदे, रस्ता सुकूदे, मग ठेकेदाराची गाडी येईल आणि सगळ्या नाक्यांचं एकदमच होईल.

"एकदम म्हणजे कधी?"

"दिवाळीनंतर, मावशी."

माणूस खोटं बोलत असता तर मी त्याला सोडला नसता. पण तो खरं बोलत होता, आणि खऱ्याशी काय भांडणार? तणतणत घरी आले. दिवाळीपर्यंत आमचे हे उंबऱ्याशी बसणार हे मात्र मला कबूल नव्हतं.

दसऱ्याच्या सुमाराला रस्ता सुकला आणि मी फक्की आणली. फक्की म्हणजे कबड्डीचं मैदान आखायची पांढरी पावडर. माझ्या माहेरी भाऊ खेळायचे आणि मैदान मी आखायची, कारण माझी रेघ वाकडी जात नाही. सकाळी ह्यांचा चहा व्हायच्या आधी मी दोरी, फक्कीची बादली आणि कापड कापायची माझी मोठी पट्टी घेऊन रस्त्यात. भाई दोन्ही हात पसरून गाड्या अडवायचा. सगळा स्टँड बघायला जमायचा. "भाभी, मॅच कितीला?" "काकू, रेडर कोण?" मी म्हणायची, "तू उतर, पहिला तुलाच बाद करते." हसून हसून पुरेवाट. पण पट्टे सरळ पडायचे, जुन्या राखाडी डागांवर बरोब्बर. चहा झाला की हे त्यांवरून पलीकडे जायचे. दुपारपर्यंत वारा आणि टायर मिळून पट्टे उडवून टाकायचे. हे परतताना भाईला नेमकं आमच्याच बाजूला काम निघायचं, रोज. सकाळ उजाडली की मी पुन्हा बादली घेऊन हजर.

ह्यांना मी काही सांगितलं नव्हतं. एके दिवशी जेवताना म्हणाले, "ह्या खेपेला कचेरीनं रंग हलका वापरला वाटतं. चपलेला लागतोय."

"असेल," मी म्हटलं.

"पण आखणारा हुशार हाय. सरळ आखतो." आणि आमटी मागितली.

दिवाळी झाली. एका दुपारी वरच्या चौकात धूर दिसला म्हणून मी मुद्दाम जाऊन बघितलं. टेम्पोवर गॅसची भट्टी, तिच्यात ती पावडर खदखदत होती. दोघं रस्ता झाडत होते, दोघं दोरी ताणून खडूच्या खुणा करत होते. मग गरम रस एका लोखंडी खोक्यात घेऊन तो खोका खुणेवरून ओढत नेला की मागे जाड, पांढराशुभ्र पट्टा. वरून एक जण मूठमूठ काचेचे बारीक मणी भुरभुरवत होता, गाडीच्या दिव्यात चमकावेत म्हणून. बघता बघता पट्टा घट्ट. मला इतका आनंद झाला की मुकादमाला घरून चहा नेऊन दिला. आमच्या नाक्याचं विचारलं तर म्हणाला, "उद्या ताई, उद्या तुमचाच नंबर."

त्या उद्याला मी नेमकी पोलादपूरला गेले. साखरपुड्याचे ब्लाउज द्यायचे होते, टाळता येण्यासारखं नव्हतं. परतताना गाडीतून उतरले आणि लांबूनच पांढरा झगझगाट दिसला. पट्टे! खरे पट्टे! चार पावलं पुढे आले आणि पाय जागीच थबकले. पट्टे होते, पण आमच्या जागेवर नव्हते. औषधांच्या दुकानापासून निघून ते सरळ पलीकडे गेले होते, आणि पलीकडे त्या ठिकाणी ना उतार, ना टपरी. तिथं उघडं गटार.

आणि पट्ट्यांवर आमचे हे. निम्मा रस्ता ओलांडून गेलेले. कोणीतरी सांगितलं असणार, काका, पट्टे झाले. मान खाली, हात वर, आणि चाल टेम्पोवर निघायचे तेव्हाची. टेम्पो विकल्यापासून मी ती चाल बघितली नव्हती. मी ओरडले, "अहो, थांबा! थांबा!" पण टँकरचे हॉर्न, मिनीडोरचे भोंगे, कुठलं ऐकू जायला? शेवटचा पट्टा संपला, ह्यांनी विश्वासाने पुढचं पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत गटारात गेले.

भाईने धावत येऊन बाहेर काढलं. नडगी सोलून निघाली होती. माणसं जमली तसे हे म्हणाले, "पट्टे बरोबर हायत रे, गटार चुकीच्या जागी हाय!" सगळे हसले. मी ह्यांचा हात धरला होता. आणि ह्या वेळी ह्यांनी तो झटकला नाही, ते मला नडगीपेक्षा जास्त लागलं.

घरी मी जखम धुवायला घेतली, ह्यांनी नडगी पुढे केली. मग म्हणाले, "मला वाटलं, पट्टे हायत म्हंजी पुढं रस्ता हाय."

मी जखमेवर हळद दाबली.

"आता बास झालं. पोराला सांग, येतो म्हणावं."

मुलाने लगेच रविवारची गाडी ठरवली. आईवडिलांना न्यायला येतो म्हणाला, आवाजात सुटका झाल्यासारखा आनंद. त्याचं चूक नव्हतं. पण मी फोन ठेवला आणि पदर खोचला.

मुकादम खालच्या चौकात सापडला. "कोणी सांगितलं तिथं मारायला?" मी विचारलं. तो बिचारा गोंधळला. "साहेबांनी फोनवर सांगितलं ना, जुन्या रेघेपास्नं सुरू कर म्हणून." साहेबांच्या मनात रस्त्यावरचा जुना डाग. परगावचा मुकादम असता तर त्याने वाकून तो शोधला असता. हा आमच्याच महाडचा. त्याने मान वर करून औषधांच्या दुकानाच्या भिंतीवरची पुराची रेघ बघितली आणि तिथून दोरी धरली! दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं, आणि हसूही फुटलं. महाडात ह्याहून वेगळं होणार तरी काय होतं?

"काढा ते," मी म्हटलं.

"निघत नाय ताई. खरवडलं तर खालचं डांबर उपटून येईल."

मग पुन्हा कचेरी. साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. मनापासून वाईट वाटलं त्यांना, ते दिसत होतं. पण माल संपला होता, ठेका संपला होता, आता पुढच्या खेपेला. "बरं," मी म्हटलं, "पट्टे हलत नाहीत ना? मग गटार झाका आणि तिथं उतार करा." साहेब म्हणाले, गटार दुसऱ्या खात्याकडे आहे. माझं डोकंच फिरलं. "पट्टे तुमचे, गटार त्यांचं, आणि तंगडी माझ्या नवऱ्याची. ती कोणत्या खात्यात येते, तेवढं सांगा, मी तिकडे जाते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझं स्टूल उचललं आणि पट्टे जिथं संपतात तिथं, गटाराला लागून मांडलं. मांडीवर ब्लाउज, हातात सुई. हुक लावायचे, हेम घालायचं, बसून करायची कामं भरपूर होती. जो येईल त्याला सांगायची, "पुढे गटार आहे, जपून." पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका माझ्याजवळ थांबून कचेरीच्या नावाने बोटं मोडायला लागल्या. औषधांचा दुकानदार, ज्याच्या भिंतीने हा घोळ घातला होता, त्याने मला छत्री आणून दिली. भाईने दुपारचा चहा पाठवला. कचेरीतलं एक माणूस येऊन म्हणालं, "ताई, इथं बसायला मनाई आहे." मी म्हटलं, "पडायला नाही ना? मग पडणाऱ्यांना सांगायला बसलेय." ते निमूट गेलं.

मग साहेब स्वतः आले. स्कूटर लावली, पट्ट्यांवरून चालत आले आणि माझ्यासमोर गटाराच्या काठावर थांबले. बराच वेळ खाली बघत राहिले. "दोन्ही खात्यांना मीच बोलतो," म्हणाले, आणि खरंच बोलले. सिमेंटची झाकणं कुठल्याशा आवारात पडून होती, पण आणायला गाडी नव्हती. गाडी नव्हती म्हणे! टेम्पो स्टँडसमोर उभं राहून! भाईने तिथल्या तिथं गाडी काढली. शनिवारी दुपारपर्यंत गटारावर झाकणं बसली आणि फूटपाथ फोडून उतार केला. त्यावरून मी स्वतः चार वेळा गेले-आले, टाचा आपटून बघितल्या. पक्कं होतं.

घरी हे खुर्चीत बसले होते. बॅगा मी भरल्या नव्हत्या, ते ह्यांना ठाऊक होतं.

"रस्ता तयार आहे," मी म्हटलं.

"असूदे. माझा त्या पट्ट्यांवर भरवसा नाय ऱ्हायला."

"बरं, नको पट्टे. धुक्यात रेघ दिसली नाही तर काय धरायचात?"

ह्यांनी तोंड फिरवलं.

"बोला ना. घाटात काय धरायचात?"

"पुढच्या गाडीचा लाल दिवा," हे म्हणाले, पुटपुटल्यासारखं.

मी ट्रंक उघडली. माझी एक साडी आहे, भडक लाल, नेसले तर आळीतल्या बायका तोंडाला पदर लावतील अशी. ती नेसले. वर तसलाच लाल ब्लाउज. ह्यांच्यासमोर, अगदी त्या नळीसमोर येऊन उभी राहिले. "दिसतंय?"

"ह्या वयात? बाई गो, काय हे!" पण ओठ हलले जरासे.

"मी पुढे चालणार. हात लावणार नाही, वळून बघणार नाही. यायचं तर या, नाही तर मी एकटी जाऊन चहा पिऊन येते."

मी निघाले. वळून बघितलं नाही, मान दुखेपर्यंत ताठ धरली. नाक्यावर भाईने मला बघितलं, मग माझ्या मागे बघितलं आणि रस्त्यात उतरून टँकर अडवला. पट्ट्यावर पाय ठेवला तेव्हा मागे चपलांचा आवाज आला. एक पट्टा, मग काळं, मग पट्टा. गटारापाशी आवाज थांबला. मी झाकणावर जोरात पाय आपटला, ऐकू जावा म्हणून, आणि तशीच पुढे गेले. थोड्या वेळाने मागे झाकण वाजलं. बाकड्यावर बसल्यावर हे म्हणाले, "पुढची गाडी फार हळू चालवतेस," आणि भाईने तिघांना चहा सांगितला.

रविवारी सकाळी मुलगा आला. बॅगा भरलेल्या नाहीत हे बघून त्याचं तोंड उतरलं. "मम्मी, हे काय? आपलं ठरलं होतं ना?" मी म्हटलं, "आधी बाबांना स्टँडवर जाऊ दे. मग बोलू." तीच लाल साडी नेसून मी निघाले, मागे हे, आणि दारात मुलगा उभा, काळजीने पांढरा पडलेला.

रस्त्याच्या मधोमध पोचले आणि मागून आवाज आला. तोंडाने काढलेला हॉर्न, एकदा, मग लांबलचक. कितीतरी दिवसांनी ऐकला मी तो.

"साइड दे गो."

मी पट्ट्यांच्या कडेला झाले. हे माझ्या उजव्या बाजूने पुढे गेले, मान खाली, हात वर, पट्ट्यामागून पट्टा. मी तिथंच उभी राहून रडत होते आणि अडलेला टँकरवाला हॉर्न देत होता. त्याला मात्र मी साइड दिली नाही. ह्यांचा पाय पलीकडच्या झाकणावर वाजेपर्यंत त्याला थांबवून ठेवला.